चौदा सालची लढाई आणि पालखीचा खांदा

होडी पाच पावलांवर होती आणि तारी आमच्याकडे पाठ करून बसला होता.

सूर्य डोंगराच्या वर आला होता. खाडीपलीकडून साडेआठला मालवणची एस.टी. सुटायची आणि अकराला शालूचा इतिहासाचा पेपर होता. शालू माझी नणंद. सतरा वर्षांची, मॅट्रिकला बसलेली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत पेन, शाईची बाटली आणि मी बांधून दिलेल्या दोन भाकऱ्या. माझ्या सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. त्यांनी होडीवाल्या तारीला दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्यानं मान न वळवता उत्तर दिलं.

"आबानू, माका हाक मारू नकात. मी देवाकडे नारळ ठेवलंय. खालच्या वाडीतल्या कोणाचोच पाय माझ्या होडयेक लागाचो नाय."

"ह्या चेडवान तुझा काय केल्यान रे?" आबा म्हणाले.

"तेना काय एक करूक नाय. तेच्याकडे बघूचा लागात म्हणानच पाठ केलंय."

त्या पाठीत दगड घालावासा मला वाटला. शालू रडली नाही. तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या उघडलं. कुठलं पान असणार ते मला न बघता माहीत होतं. पहिल्या महायुद्धाची कारणे.

आता तिथे पूल आहे. मार्च लागला की सकाळी सकाळी मुलं दुचाकीवरून पुलावरून जातात, दहावीच्या पेपरांना. मागे बसलेली मुलगी पुस्तक तोंडासमोर धरून असते, वाऱ्यानं पानं फडफडतात, तिला काय दिसत असेल देव जाणे. त्याच दिवसांत काजू पिकतो. बोंडांचा तो आंबूस गोड वास घराच्या भिंतींना लागतो. त्याच दिवसांत शिमग्याचा ढोलही वाजायला लागतो. आमच्याकडे परीक्षा आणि शिमगा एकदमच येतात. कुणी ठरवलं माहीत नाही, पण ज्यानं ठरवलं तो आमच्या बाजूचा नसावा.

मी स्वतः चौथी शिकले. चौथीची परीक्षा मला आठवत नाही. आठवते ती शालूची. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. नवरा मुंबईला गोदीत कामाला, सासू मी यायच्या आधीच गेलेली. घरात आबा, शालू आणि मी. नवऱ्यानं मुंबईहून कळवलं होतं की शालूला एकदाच परीक्षेला बसू दे. पास झाली तर शिक्षिकेच्या ट्रेनिंगला पाठवू, नाही झाली तर स्थळ बघून ठेवलंय. स्थळ वाईट नव्हतं. पण शालूला शाळेत शिकवायचं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मला सुद्धा नाही. वासराला दावं लावताना ती त्याला बाराखडी म्हणून दाखवायची, त्यावरून मला कळलं.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधीचा जो तास असतो, त्यात ती पाठ करायची आणि पुस्तक माझ्याकडे असायचं. मी खोबरं किसायला बसायची, पुस्तक मांडीवर. त्या पुस्तकाच्या महायुद्धाच्या पानांवर नारळाच्या दुधाचे डाग होते. मी अक्षराला अक्षर लावून वाचणारी. ती मधले शब्द बदलायला लागली की मी अडवायची. पुस्तकात 'तणाव निर्माण झाला' लिहिलंय, तू नुसतं 'तणाव वाढला' म्हटलंस. ती वैतागायची.

"वैनी, अर्थ एकच आसा गो."

"माका अर्थ नाय कळना, अक्षर कळता. परत सांग."

अशी रोजची आमची भांडणं. गुप्त करार, साम्राज्यवाद, लष्करवाद, उग्र राष्ट्रवाद, बाल्कनचा प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी तात्कालिक कारण. सहा कारणं. मी सहा काजूच्या बिया मांडून ठेवायची आणि एकेक कारण बरोबर आलं की एकेक बी तिच्याकडे सरकवायची. सहाही आल्या की तिनं त्या चुलीत भाजून खायच्या. राष्ट्रवाद तिला कधी आठवायचा नाही. त्याची बी बरेच दिवस माझ्याकडेच राहिली.

आबा पडवीत सुंभ वळत बसायचे. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं आणि शालूच्या अभ्यासात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. एका संध्याकाळी शालू म्हणाली, एकोणीसशे चौदा साली युरोपात युद्धाचा भडका उडाला. पडवीतला सुंभाचा आवाज थांबला. सुंभ वळताना हाताचा एक खरखर आवाज होत असतो. तो चालू असताना ऐकू येत नाही, थांबला की ऐकू येतो.

आबांनी विचारलं, ही खंयची लढाई? शालूनं सांगितलं. चौदा सालची, जर्मनीची. ते उठून आत आले आणि उंबऱ्यावर बसले. म्हणाले, पहिल्यापासून वाच.

त्या लढाईत आबा होते, हे मला त्या दिवशी कळलं. घरात एक पत्र्याची पेटी होती, तिला कुणी हात लावायचा नाही एवढंच मला सांगितलेलं. ती त्यांच्या थोरल्या भावाची. दोघे भाऊ मुंबईहून आगबोटीनं बसऱ्याला गेले होते, खलाशी म्हणून. आबा अठराचे, भाऊ विसाचा. तिथल्या नदीत होड्या चालवायच्या, वर जाताना घोड्यांचा चारा न्यायचा आणि खाली येताना आजारी माणसं आणायची. खाडीत वाढलेल्या पोरांना दुसरं काय काम देणार. भाऊ तिथेच पटकीनं गेला. आबा पेटी घेऊन परत आले आणि गप्प झाले.

ते का गेले होते, तर भरती करायला आलेल्या माणसानं सांगितलं होतं की कुणीतरी राजाचा मान मोडला आहे. कोण राजा, कुणी मोडला, हे त्यांनी विचारलं नाही. मान मोडला म्हटल्यावर आमच्याकडे पुढे काही विचारत नाहीत. चाळीस वर्षं त्यांना तेवढंच माहीत होतं.

मग रोजचं सुरू झालं. शालू म्हणायची, मी अक्षरं बघायची, आणि आबा काजूच्या बिया जमिनीवर मांडायचे. ही ऑस्ट्रिया, ही जर्मनी, तिच्या बाजूची. ही रशिया, हा फ्रान्स, हा इंग्रज. मधली ही लहानशी सर्बिया. ऑस्ट्रियाच्या युवराजाला साराजेव्होत मारलं. मारणारा सर्बियाच्या बाजूचा. ऑस्ट्रियानं सर्बियाला निर्वाणीचा खलिता पाठवला. हा शब्द मला तीन दिवस नीट वाचता आला नाही. सर्बियाच्या पाठीशी रशिया, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, रशियाच्या पाठीशी फ्रान्स. एकाला धक्का लागला की दुसरी बी हलायची. आबा बोटानं एकेक बी ढकलून बघायचे. जर्मनीला फ्रान्सवर जायचं तर वाटेत बेल्जियम. बेल्जियमनं कुणाचं काही केलेलं नाही. पण वाटेत आहे. म्हणून तोही गेला, आणि त्याच्यासाठी इंग्रज उतरला.

एक दिवस आबांनी विचारलं, ह्यात बसरा कुठे आहे. शालूनं पानं उलटली. एक ओळ होती. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. बसरा तेव्हा तुर्कांचा, एवढं तिच्या मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं. आबांनी तिला त्या ओळीवर बोट ठेवायला लावलं आणि मग स्वतःचं बोट तिथे ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मी चुलीकडे गेले, माझी भाजी लागत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक विचारलं. ह्यांच्यात मागे कोण सरला? शालू म्हणाली, कोणीच नाही. ते म्हणाले, तुझ्या पुस्तकात नसेल. शालू म्हणाली, पुस्तकात सगळं आहे आबा, कोणीच नाही सरलं.

शालूचे पहिले पेपर झाले. मराठी, इंग्रजी, गणित. त्यासाठी ती मालवणला माझ्या मावसबहिणीकडे राहिली होती. मग होळीची सुट्टी होती आणि सुट्टीनंतर इतिहास. शहाण्या माणसानं तिला तिथेच राहू दिलं असतं. मी निरोप पाठवला की शिमग्याला घरी ये. पालखी घराशी येणार, ओटी भरायची, आणि घरची मुलगी परगावी, असं कसं चालेल. तेव्हा असा विचार करायला मला एक क्षणही लागला नाही. नंतर लोकांनी आबांना दोष दिला, वरच्या वाडीच्या बाबलला दिला, तारीला दिला. मला कुणी दिला नाही. पण तिला त्या धक्क्यावर उभी केली ती मी.

आमच्या गावात खालची वाडी आणि वरची वाडी. देवळातून पालखी निघाली की वडापर्यंत पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा, वडापासून पुढे वरच्या वाडीच्या गावकराच्या, म्हणजे मानकऱ्याच्या घराचा. किती पिढ्या ते कुणी मोजलेलं नाही. वरच्या वाडीचा गावकर बाबल, आबांच्या वयाचा. दोघे लहानपणी एका होडीतून खेकडे पकडायला जायचे. त्या वर्षी आबांचा गुडघा धरला होता. पालखी उचलायची वेळ झाली, ढोल वाजला, आणि आबा चार पावलं मागे राहिले. तेवढ्यात बाबलचा पुतण्या पुढे झाला आणि त्यानं त्या दांड्याखाली खांदा घातला. म्हातारा माणूस म्हणून मदतीला घातला की मानावर हात टाकायला, हे त्याला स्वतःला तरी माहीत होतं की नाही, मला शंका आहे. आमच्यातल्या कुणीतरी त्याला ढकललं. पालखी कलली. एकाचं बोट दांड्यात चेंगरलं. सगळे एकदम ओरडायला लागले.

मी आणि शालू ओटीचं ताट घेऊन बाजूला उभ्या होतो. शालू माझ्या कानाशी वाकली.

"वैनी, साराजेव्हो."

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. हसू आलं म्हणून नव्हे. खरं वाटलं म्हणून.

पुढचे दोन दिवस मी ते पान डोळ्यांनी बघितलं. वरच्या वाडीच्या बाजूनं न्हावी आणि तारी. आमच्या बाजूनं किनाऱ्यावर रापण ओढून मासे धरणारे रापणवाले आणि भाताची गिरण. न्हाव्यानं आमच्या वाडीतली दाढी करायची थांबवली. गिरणीनं त्यांचं भात घ्यायचं थांबवलं. रापणीचे मासे वरच्या वाडीत जाईनात. प्रत्येकानं आपापल्या बाजूसाठी देवाकडे नारळ ठेवला. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून शब्द दिला की तो मोडता येत नाही. ज्याच्यासाठी ठेवला त्यानंच देवाला सांगून तो मोकळा करायचा असतो. आबांच्या नावानं आमच्या वाडीत किती नारळ ठेवले गेले ते मी मोजले नाहीत. आबांनी कुणाला ठेवा म्हटलं नाही. ठेवू नका असंही म्हटलं नाही.

धक्क्यावर दाऊदभाईंची वखार होती, कौलांची, नारळाची आणि गुळाची. त्यांचं घर तीन पिढ्या तिथलं, आमच्यासारखंच बोलणारं. पालखी वखारीपुढे आली की ते दिवटीत तेल घालायचे, तोही मानच. त्यांना वरच्या वाडीनं सांगितलं, खालच्यांना माल द्यायचा नाही. खालच्यांनी सांगितलं, वरच्यांना द्यायचा नाही. दाऊदभाई वखारीचं अर्धं दार लावून बसले. मी गूळ आणायला गेले तर शालू बरोबर होती. ती म्हणाली, दाऊदभाय तुमी बेल्जम झालात. त्यांनी विचारलं, तो कोण? मी सांगितलं, कोणाच्या वाटेत येणारो गरीब देश.

"मगे तेचा काय झाला?"

"तेव्हढा पान माका पाठ नाय," मी म्हटलं. पाठ होतं. पण गूळ घ्यायचा होता.

तिसऱ्या दिवशी न्हावी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. बसला नाही. त्यानं वरच्या वाडीचा निरोप सांगितला. उद्या संध्याकाळी पालखी खालच्या वाडीत जायला उचलतील. विठू गावकर दांड्याखाली आला तर पुढे जे होईल त्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही. विठू म्हणजे आबा. तो गेल्यावर आमच्या वाडीतले सातआठ जण आले आणि पडवीत काठ्यांना तेल लावत बसले. हसत होते, एकमेकांना टोमणे मारत होते. तू मार खाणार, तुझी बायको हळद लावणार. लग्नाची तयारी असावी तसं चाललं होतं. मी त्यांना चहा केला. शालू आतल्या खोलीत होती. ती मला म्हणाली, उद्याच माझा पेपर आहे आणि होडी तारीकडे आहे. ते मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. खरं सांगते. मी तीन दिवस खांद्याचाच विचार करत होते.

म्हणून आम्ही सकाळी लवकर निघून धक्क्यावर आलो होतो. आणि तारी आमच्याकडे पाठ करून बसला होता.

आबा काही वेळ पाण्याकडे बघत राहिले. भरती लागत होती. मग त्यांनी हातातली काठी माझ्या हातात दिली आणि वरच्या वाडीच्या वाटेनं चालायला लागले. गुडघा धरलेला माणूस, काठीशिवाय. मला वाटलं, हे आता भांडायला चालले. मी ओरडले नाही. शालूला म्हटलं, तू वाच. ती ओठ हलवत वाचायला लागली आणि मी हातात काठी धरून उभी राहिले. काठी का दिली ते मला तेव्हा कळलं नाही. बाबलच्या खळ्यात त्यांना हातात काठी घेऊन शिरायचं नव्हतं.

तिथे काय झालं ते बाबलच्या बायकोनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. बाबल दात घासत होता. आबा खळ्यात उभे राहिले आणि म्हणाले, पहिलो खांदो तुझो. ह्या वर्साक आणि पुढे पण. बाबलनं चूळ भरली. म्हणाला, तुझी पोरां ऐकतली? आबा म्हणाले, नाय ऐकली तर आधी माका मारतली. मग बाबलनं हातातला तांब्या खाली ठेवला. म्हणाला, इठू, तीन रात्री झोपाक नाय मी. माझी पोरांय माझा ऐकणत नाय. तू येशीत म्हणान वाट बघी होतंय. बायको म्हणाली, मग तुमीच कित्या गेलास नाय? त्यावर दोघांनीही तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ती आत निघून गेली.

दोघे धक्क्यावर आले. बाबलनं आबांना हाताला धरलं होतं. बाबल तारीला म्हणाला, ने तिला. तारी उठून उभा राहिला, हात जोडले, पण होडीला हात लावला नाही. म्हणाला, देवाकडे ठेवलेलो नारळ तुमी तोंडान सांगलास म्हणान सुटणा नाय. गाऱ्हाणा घालूक होया. देऊळ पाऊण कोस, वरच्या अंगाला. जाऊन येईपर्यंत एस.टी. गेली असती. तारी वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच भीती होती.

तेव्हा दाऊदभाई वखारीतून नारळ घेऊन बाहेर आले. त्यांनी तो आबांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, देव काय फक्त देवळात बसता?

आबांनी देवळाच्या दिशेला तोंड केलं. गाऱ्हाणं घालताना एकानं बोलायचं आणि जमलेल्यांनी होकार भरायचा, म्हणजे ते सगळ्यांचं होतं. आबा सोडून जमलेले आम्ही पाच. बायका होकार भरत नाहीत. पण मोजून माणसं कमी पडत होती, म्हणून मी भरला, आणि कुणी अडवलं नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्यो जो खांद्याचो तंटो झालो, तेच्यात माझी चूक आसा आणि बाबलाची चूक आसा. कोणाची कमी नाय, कोणाची जास्ती नाय. व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा."

"ज्यांनी ज्यांनी तुझ्याकडे नारळ ठेवले, ते आमच्या नावान ठेवले. तेंका त्यातसून मोकळे कर. तेंका बाधा करू नको. व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा." तारीचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मला वाटलं संपलं. शालू होडीकडे वळली सुद्धा. पण आबा थांबले नाहीत.

"खंयच्या खंय एका राजाचो झिल मारल्यानी, म्हणान माझो भाऊस बसऱ्याक मेलो. मधी पाच-सा जण होते, म्हाराजा. तेंतलो एक जरी मागे सरलो असतो, तर तो आज हयसर माझ्या बाजूक उभो असतो. कोण सरूक नाय. तां माका ह्या वर्सा कळला. ह्या चेडवान सांगल्यान तेव्हा कळला. व्हय म्हाराजा?"

 बाबल खाली बघत होता. मग दाऊदभाईंनी होकार भरला, आणि त्यांच्या मागून आम्ही.

नारळ फुटला. तारीनं होडी लोटली. शालू आत बसली, मी बसले, कारण तिला एस.टी.त बसवून द्यायचं होतं. निम्म्या खाडीत आल्यावर तारीनं वल्हं मारता मारता तिला विचारलं, कसला पेपर. तिनं सांगितलं, इतिहास. तो म्हणाला, म्हणजे जुनी भांडणां. ती म्हणाली, हो. पलीकडे आम्ही धावलो. मी साडी गुडघ्यापर्यंत धरून धावले, त्याचं मला आजही काही वाटत नाही. एस.टी.च्या कंडक्टरनं बेल दिली होती, तरी गाडी थांबली.

संध्याकाळी पालखी उचलली. बाबल पहिल्या खांद्याला होता. आबा दोन माणसं सोडून मागे चालत होते, माझ्याकडून काठी परत घेऊन. आमच्या वाडीतल्या पोरांनी काठ्या आणल्या होत्या, पण त्यांना वापरायला काही मिळालं नाही. त्याचा त्यांना राग आला. माणसाला मार खाल्ल्याचा येत नाही एवढा राग काठी फुकट गेल्याचा येतो, हे मी पुढेही बघितलं. वाडीनं आबांना दोन वर्षं मानानं बोलावलं नाही. लग्नात पान शेवटी द्यायचे. माझ्या नवऱ्यानं मुंबईहून लिहिलं की तुम्ही बापजाद्यांचा मान घालवलात. ते पत्र आबांना मीच वाचून दाखवलं, अक्षराला अक्षर लावून, काही न गाळता. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, आता तू तेका जबाब लिही, शालूच्या ट्रेनिंगची फी कधी भरूची ती विचार. मानाबद्दल एक शब्द लिहायला सांगितला नाही.

हे लिहिताना मला वाटतं, आबांनी ते शालूसाठी केलं असं लोक म्हणायचे, ते अर्धंच खरं. मुलीच्या एका पेपरासाठी त्या काळात कुणी एवढा मान सोडत नव्हतं. मलाही शालू किती प्रिय होती हे मला त्या सकाळी कळलं, आधी नाही. पण त्या दीड महिन्यात रोज संध्याकाळी एकच गोष्ट ऐकून ऐकून आबांच्या मनात ती रुतली असणार. जी शेवटची बी ढकलली गेली ती त्यांच्या घरात पडली होती. लढाई कशी लागली हे त्यांना आता कळलं होतं. ती कशी थांबली असती ते त्यांना हवं होतं, आणि पुस्तकात ते दिलेलं नव्हतं.

आणि एक मला राहून राहून वाटतं. त्या राजांच्या घरात सुद्धा कुणी बाई असेल. तिलाही तीन दिवस दुसरं काही सुचलं नसेल. चहा करून दिला असेल.

शालू पेपर देऊन दुसऱ्या दिवशी परत आली. आबा धक्क्यावर जाऊन बसले होते. होडी लागायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"लढाई इली?"

"इली," ती होडीतूनच म्हणाली. "धा मार्कांक."

"सगळी लिवलंस?"

"राष्ट्रवाद सोडून."

आबा म्हणाले, तो नसलो तरी चलात. आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालायला लागले. जून संपता संपता निकाल लागला आणि ती पास झाली. ट्रेनिंगला गेली, नोकरीला लागली, पहिल्या पगारात तिनं आबांना धोतरजोडी आणि मला चष्मा आणला. चष्म्याची मला तेव्हा गरज नव्हती. तिला वाटायचं मी अडखळत वाचते ते डोळ्यांमुळे.

त्या शिमग्यात आमच्या दोन्ही वाड्यांत कुणी मेलं नाही. एकाचं बोट वाकडं राहिलं, एवढंच. आबा पुढे नऊ वर्षं जगले. बाबल त्यांच्यानंतर दोन वर्षं. दाऊदभाई आणि तारी म्हातारे होऊन आपापल्या घरात गेले. शालू पंचाऐंशीला आली, रत्नागिरीला लेकीकडे असते. मी आहे.